जुन्या ट्रॅक्टरचा गव्हर्नर आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

ट्रॅक्टरच्या इंजिनाचा वेग ठरावीक ठेवणाऱ्या भागाला गव्हर्नर म्हणतात. चालकाने हाताचा ॲक्सिलरेटर एका जागी लावला की पुढचे काम हा भाग करतो. नांगराचा फाळ कठीण जमिनीत शिरून इंजिन दबू लागले की तो इंधन वाढवतो. नांगर उचलला, भार गेला की कमी करतो. मोटारीत हेच काम चालकाचा पाय करतो, कारण चढ-उतार त्याला समोर दिसत असतो. शेतातल्या चालकाची नजर बराच वेळ मागे, तासाकडे असते आणि जमिनीखालचा दगड किंवा चिकट पट्टा त्याला दिसत नाही. ट्रॅक्टर हे शेतीचे यंत्र ठरले त्यात गव्हर्नरचा वाटा मोठ्या चाकांइतकाच आहे. दोनशे वर्षांत त्याची रचना पुष्कळ बदलली, दुखणी मात्र जवळजवळ तीच राहिली: झिजलेल्या सांध्यांतली ढिलाई, गंजलेल्या दांड्यांचे घर्षण आणि थकलेली स्प्रिंग. बदलत गेला तो दुरुस्ती करणारा माणूस.

गव्हर्नरचे मूळ पिठाच्या गिरणीत आहे. अठराव्या शतकात इंग्लंडमधल्या पवनचक्क्यांत वारा वाढला की वरचा दगड जोराने फिरे, खालच्या दगडापासून उचलला जाई आणि पीठ जाड पडे. ते टाळण्यासाठी फिरत्या दांड्याला दोन गोळे टांगत. वेग वाढला की गोळे बाहेर फाकत आणि त्यांना जोडलेल्या तरफा दोन दगडांमधले अंतर पुन्हा कमी करत. टॉमस मीड याने १७८७ मध्ये अशा रचनेचे पेटंट घेतले. दुसऱ्याच वर्षी लंडनच्या आल्बियन मिल्स या वाफेवर चालणाऱ्या गिरणीत मॅथ्यू बोल्टनने ही युक्ती पाहिली आणि आपला भागीदार जेम्स वॉट याला पत्राने कळवली. वॉटने तेच गोळे वाफेच्या नळीतल्या झडपेला जोडले. तत्त्व आधीच माहीत असलेले, म्हणून त्याने पेटंट घेतले नाही; काही काळ ते परक्यांच्या नजरेआड ठेवण्याची खटपट मात्र केली.

वॉटच्या रचनेला एक अंगभूत मर्यादा होती. तिच्यात गोळे केवळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध उचलले जातात. त्यामुळे टांगणीचा बिंदू आणि गोळ्यांची पातळी यांतले उभे अंतर फक्त वेगावर ठरते. गोळे जड केले तरी ते बदलत नाही. मिनिटाला ६० फेरे असताना हे अंतर सुमारे २५ सेंटिमीटर भरते, ३०० फेऱ्यांना अवघे एक सेंटिमीटर. ६० चे ६१ फेरे झाले तर गोळे आठ मिलिमीटर वर येतात. त्याच प्रमाणात ३०० चे ३०५ झाले तर हालचाल जेमतेम ०.३ मिलिमीटर होते, आणि तेवढी ढिलाई तर नव्या यंत्राच्या सांध्यांतही असते. म्हणजे संथ चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाबाहेर या गव्हर्नरचा उपयोग नव्हता. चार्ल्स पोर्टर या अमेरिकन अभियंत्याने १८५८ मध्ये दांड्यावर सरकणारे जड वजन ठेवून वेगाची मर्यादा वाढवली. इंग्लंडमध्ये विल्सन हार्टनेल याने त्या वजनाच्या जागी दाबलेली स्प्रिंग घातली. ट्रॅक्टरच्या दृष्टीने हा बदल सर्वांत महत्त्वाचा. स्प्रिंगचा जोर गुरुत्वाकर्षणावर अवलंबून नसतो. गव्हर्नर आडवा बसवला, यंत्र उतारावर कलले किंवा ढेकळांवरून उसळले तरी तो काम करतो. जुन्या ट्रॅक्टरांवर दिसणारे वजनांचे गव्हर्नर याच कुळातले आहेत.

वेग वाढवण्याची सोय झाली तसे दुसरे दुखणे पुढे आले. गव्हर्नर जितका चपळ करावा तितके इंजिन झुलू लागे: वेग वाढे, कमी होई, पुन्हा वाढे, आणि हे थांबतच नसे. कारागीर आज यालाच हंटिंग म्हणतात. त्याचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६८ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात मांडले. पण कारखान्यातल्या माणसाला उपयोगी पडेल अशा भाषेत ते सांगितले सेंट पीटर्सबर्गच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या इव्हान विश्नेग्राड्स्की याने, १८७६-७७ मध्ये. गोळ्यांचे वस्तुमान वाढवणे स्थिरतेला घातक, घर्षण कमी करणे घातक, चक्राचे जडत्व कमी करणे घातक, आणि भाराविना व पूर्ण भारावर वेगात पडणारा फरक फार कमी करणे हेही घातक, असे त्याचे चार निष्कर्ष होते. शेवटचा निष्कर्ष शेतकऱ्याला पटणे अवघड. त्याला वाटते की चांगल्या गव्हर्नरने वेग तसूभरही पडू देऊ नये. प्रत्यक्षात थोडा वेग पडू देणारा गव्हर्नरच शांत चालतो. वजनांच्या साध्या गव्हर्नरात हा फरक टाळताही येत नाही, कारण वजने थोडी आत आल्याशिवाय इंधनाचा दांडा पुढे सरकत नाही, आणि वेग पडल्याशिवाय वजने आत येत नाहीत.

विश्नेग्राड्स्कीच्या दुसऱ्या निष्कर्षाचा अर्थ नीट लावावा लागतो. त्याला अभिप्रेत होते तेलातून सरकणाऱ्या दट्ट्यासारखे घर्षण, जे वेगाच्या प्रमाणात वाढते आणि हालचाल थांबली की शून्य होते. गंजलेल्या खिळीचे कोरडे घर्षण याच्या अगदी उलट वागते. ते आधी दांड्याला धरून ठेवते आणि जोर पुरेसा झाला की एकदम सोडते. पहिले घर्षण झुलणे शमवते, दुसरे ते निर्माण करते. जुन्या ट्रॅक्टरच्या गव्हर्नरची निम्मी दुरुस्ती या एका भेदावर उभी आहे.

शेतात गव्हर्नर आला तो वाफेच्या इंजिनाबरोबर. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत मळणीयंत्रे लांब पट्ट्याने वाफेच्या इंजिनावर चालत. पेंढ्या आत पडत तेव्हा भार चढे, हात थांबला की उतरे, आणि मळणीच्या ढोलाचा वेग बदलला की दाणे फुटत तरी किंवा कणसातच राहत. पिकरिंग कंपनीचे गव्हर्नर या इंजिनांवर खूप दिसत. त्यांत गोळे पात्यासारख्या सपाट स्प्रिंगांना जोडलेले असल्याने झिजायला सांधेच कमी होते.

पेट्रोल-रॉकेलच्या इंजिनांनी सुरुवातीला वेगळा मार्ग धरला. आयोवा राज्यातल्या चार्ल्स सिटीत बनणाऱ्या हार्ट-पार ३०-६० या अजस्र ट्रॅक्टरला ‘हिट-अँड-मिस’ पद्धतीचा गव्हर्नर होता. वेग ठरलेल्या मर्यादेवर गेला की एक अडणी स्फोट होऊच देत नसे आणि जड चक्राच्या जोरावर इंजिन फिरत राही. वेग पडला की अडणी सुटे आणि पुढचा स्फोट पूर्ण ताकदीने होई. याच पद्धतीच्या छोट्या इंजिनांत ही अडणी धूर बाहेर सोडणारी झडप उघडी धरून ठेवी. दुरुस्ती म्हणजे अडणीची झिजलेली धार घासून पुन्हा टोकदार करणे आणि स्प्रिंगचा ताण पाहणे. कानस चालवता येणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला ते जमे. पण धक्क्याधक्क्याने मिळणारी ताकद विहिरीच्या पंपाला चालते, मळणीला आणि नांगराला खुपते. म्हणून कार्बुरेटरची झडप कमी-जास्त उघडणारा गव्हर्नर हीच ट्रॅक्टरची रूढ पद्धत झाली.

१९१७ पासून मोठ्या संख्येने निघालेला फोर्डसन मॉडेल एफ हा या वाटेवरचा अपवाद होता. स्वस्त ठेवलेल्या या ट्रॅक्टरला सुरुवातीला कारखान्यातून गव्हर्नर येत नसे. नांगरटीत चालक लिव्हर हाताने मागे-पुढे करून भागवी; पट्टा लावून मळणी करायची तर ते शक्य नव्हते. परिणामी फोर्डसनला जोडायचे गव्हर्नर बनवणाऱ्या वेगळ्या कंपन्यांचा धंदा जोरात चालला, आणि गव्हर्नर बसवणे व त्याचे दांडे जुळवणे हे गावच्या लोहाराचे किंवा गॅरेजवाल्याचे नवे काम झाले.

याच सुमारास नेब्रास्का राज्याने एक कायदा केला, आणि गव्हर्नरच्या इतिहासात त्याला मान द्यायला हवा. जाहिरातीत सांगितलेली ताकद प्रत्यक्षात मिळत नाही या शेतकऱ्यांच्या तक्रारींवरून १९१९ मध्ये झालेल्या या कायद्याने, राज्यात विकायच्या प्रत्येक ट्रॅक्टरच्या नमुन्याची विद्यापीठात चाचणी सक्तीची केली. १९२० मध्ये वॉटरलू बॉय मॉडेल एन हा ट्रॅक्टर पहिल्यांदा उतरला. या चाचणीत बदलत्या भाराचा एक स्वतंत्र भाग असे: पूर्ण भार, शून्य भार, अर्धा भार अशा पायऱ्यांनी इंजिन चालवून प्रत्येक पायरीवर फेरे मोजत. गव्हर्नर किती वेग पडू देतो हे आता छापील आकड्यांत ग्राहकासमोर येऊ लागले.

दोन महायुद्धांमधल्या काळात गव्हर्नरचे महत्त्व आणखी वाढले, त्याचे कारण पीटीओ. ट्रॅक्टरच्या मागच्या या फिरत्या दांड्यावर कापणी-मळणीची अवजारे चालू लागली आणि त्या दांड्याचा वेग मिनिटाला ५४० फेऱ्यांच्या आसपास ठरवला गेला. अवजार एका कंपनीचे आणि ट्रॅक्टर दुसऱ्या कंपनीचा असला तरी दोन्ही जुळण्यासाठी इंजिनाचा वेग भरवशाचा हवा होता. १९३९ मध्ये आलेला इंटरनॅशनल हार्वेस्टरचा फार्मॉल एच हे या पिढीचे चांगले उदाहरण. त्याच्या इंजिनाचा पूर्ण भारावरचा वेग मिनिटाला १६५० फेरे, तर भाराविना कमाल वेग सुमारे १८१५. म्हणजे गव्हर्नर दहा टक्के फरक ठेवून काम करी. त्याच वर्षीच्या फोर्ड ९एन मध्ये लोंबत्या वजनांऐवजी पोलादी गोळ्या होत्या. त्या फिरताना बाहेर सरकत आणि उतरत्या कडेच्या तबकडीला ढकलत. तबकडी तरफ हलवी आणि तरफ कार्बुरेटरची झडप बंद करी. झडप उघडण्याचे काम स्प्रिंगकडे होते, आणि हाताचा ॲक्सिलरेटर म्हणजे त्या स्प्रिंगचा ताण बदलण्याचा दांडा. ही गोष्ट न कळल्यामुळे पुष्कळ चुकीच्या दुरुस्त्या झाल्या. ॲक्सिलरेटर थेट इंधन देत नाही. तो गव्हर्नरला ‘हा वेग राख’ असे सांगतो.

या ट्रॅक्टरांची दुरुस्ती शेतकऱ्याच्या हातची होती. मालकाला मिळणाऱ्या पुस्तिकेत गव्हर्नर जुळवण्याची पाने असत, आणि कॅन्सस सिटीच्या इम्प्लिमेंट अँड ट्रॅक्टर प्रकाशनाची दुरुस्ती-पुस्तके खेड्यातल्या गॅरेजपर्यंत पोहोचली होती. पहिली तपासणी इंजिन बंद ठेवूनच करायची. ॲक्सिलरेटर पूर्ण ओढला की स्प्रिंगच्या ओढीने कार्बुरेटरची झडप पूर्ण उघडली पाहिजे. ती अर्धवट उघडत असेल तर इंजिन कधीच पूर्ण ताकद देणार नाही, आणि त्यात इंजिनाचा काही दोष नसेल; जोडदांड्याची लांबी तेवढी चुकलेली असेल. दांड्याच्या टोकाचा आटा अर्धा-एक फेरा फिरवून ती बरोबर करत. मग कार्बुरेटरकडचे टोक सोडून झडप बोटाने हलवून पाहायची. ती आपल्या वजनाने पडावी इतकी मोकळी हवी. तरफेच्या खिळ्या व छिद्रे लांबट झालेली असतील तर नव्या खिळ्या घालायच्या किंवा छिद्र मोठे करून त्यात बुश बसवायचा. फार्मॉलमध्ये वजनांच्या पुढे असलेले थ्रस्ट बेअरिंग झिजले की भार नसताना वेग झुले. त्यासाठी कारखान्याने एक छोटी धक्का-स्प्रिंग आणि तिचा स्क्रू दिला होता. पण बेअरिंग न बदलता नुसता स्क्रू आवळत राहणे हा उपाय काही आठवड्यांचाच ठरे.

पेट्रोल-रॉकेलच्या ट्रॅक्टरवर झुलण्याचे खापर गव्हर्नरवर पुष्कळदा विनाकारणच फुटते. कार्बुरेटरचे बारीक भोक कचऱ्याने बुजले आणि मिश्रण पातळ झाले की इंजिन दबते, गव्हर्नर झडप उघडतो, मिश्रण क्षणभर सुधारते, वेग उसळतो, गव्हर्नर झडप मिटतो, आणि हे चक्र चालू राहते. गव्हर्नर इथे आपले काम चोख करत असतो. जुने जाणकार कारागीर गव्हर्नर उघडण्याआधी कार्बुरेटर साफ करत, तो याच अनुभवाने.

डिझेल इंजिनाने गव्हर्नरला सोयीच्या भागावरून गरजेच्या भागावर आणले. पेट्रोलचे इंजिन गव्हर्नरशिवाय चालते, कारण हवेचा मार्गच झडपेने आवळलेला असतो. डिझेल इंजिन हवा मोकळी ओढते. ताकद ठरते ती फक्त पंपाने दिलेल्या इंधनावर. त्यात पंपाचा इंधनदांडा, म्हणजे रॅक, एका जागी ठेवला तरी वेग वाढेल तसे दर धक्क्याला मिळणारे इंधन थोडे वाढते. असे इंजिन स्वतःहून एका वेगावर ठरत नाही. ते एकतर बंद पडते नाहीतर सुसाट सुटते. श्टुटगार्टच्या बॉश कंपनीने १९२७ मध्ये डिझेल पंपाचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले, आणि पुढे पंप व गव्हर्नर हे एकाच घरातले दोन भाग बनले. पंपाची बॅरल आणि प्लंजर ही जोडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागात जुळवलेली असते. तिथे घरगुती पाना-कानस चालत नाही. गव्हर्नरची दुरुस्ती शेतकऱ्याच्या हातून निसटू लागली ती इथून.

मधल्या काळात एक सोपा आणि स्वस्त प्रकार बराच पसरला: हवेच्या ओढीवर चालणारा गव्हर्नर. १९५२ च्या सुमारास बाजारात आलेल्या फोर्डसन मेजर डिझेलच्या सिम्स पंपावर तो होता. हवा आत जाण्याच्या नळीत एक झडप, तिथून एक बारीक नळी पंपाच्या मागच्या डबीत, आणि डबीत चामड्याचा पडदा, म्हणजे डायफ्राम, रॅकला जोडलेला. इंजिनाचा वेग वाढला की ओढ वाढते, पडदा रॅकला मागे खेचतो, इंधन कमी होते; ओढ घटली की स्प्रिंग रॅक पुढे ढकलते. वजने नाहीत, दातेरी चाके नाहीत. पण चामडे सुकते, कडक होते, चिरते. नळीचा सांधा सुटला किंवा पडदा फाटला की ओढ नाहीशी होते आणि स्प्रिंग रॅकला पूर्ण इंधनावर ढकलते. इंजिन हाताबाहेर जाते. आणखी एक धोका या रचनेत दडलेला होता. सुरू करताना उलटा झटका बसून इंजिन उलटे फिरू लागले तर हवेच्या नळीतून धूर बाहेर पडतो, ओढ राहतच नाही आणि गव्हर्नर पूर्ण निकामी होतो. अशा वेळी इंधन तोडणे किंवा हवा कोंडणे हाच मार्ग.

या गव्हर्नरची तपासणी मात्र अगदी सोपी आहे. इंजिन बंद असताना बंद करण्याचा खटका दाबून रॅक मागे न्यायचा, डबीकडे येणाऱ्या नळीचे भोक बोटाने घट्ट धरायचे आणि खटका सोडायचा. पडदा धड असेल तर रॅक जागच्या जागी राहतो किंवा अगदी हळू सरकतो. झटकन पुढे आला तर पडदा गळतो आहे. चामडे मऊ राहावे म्हणून त्याला योग्य तेल लावत, पण चिरलेला पडदा बदलण्याला पर्याय नसतो.

महाराष्ट्राची गव्हर्नरशी ओळख ट्रॅक्टरच्या आधी ऑइल इंजिनाने झाली. साताऱ्याजवळच्या कूपर कारखान्यात १९३० च्या दशकात डिझेल इंजिने बनू लागली. भारतात बनलेल्या पहिल्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली. मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, पाच अश्वशक्तीचे त्यांचे एव्ही-१ हे इंजिन विहिरी-विहिरींवर बसले. त्याच्या शेजारी मिनिटाला ६५० फेऱ्यांची, इंग्लंडच्या लिस्टर धर्तीवर राजकोटला बनणारी संथ इंजिनेही नांदली. विहिरीच्या पंपाचा भार एकसारखा असतो, त्यामुळे गव्हर्नरला रोज फारसे काम पडत नाही. काम पडते ते पट्टा उडाल्यावर किंवा विहिरीतले पाणी तळाला जाऊन पंपाने हवा घेतल्यावर. भार एका क्षणात नाहीसा होतो, आणि महिनोन्‌महिने जागच्या जागी राहून गंजलेला दांडा त्याच क्षणी हलायला हवा असतो. गुऱ्हाळाच्या चरकावर परिस्थिती उलटी. उसाची मोळी चरकात गेली की इंजिन दबणार, चिपाड बाहेर पडले की हलके होणार. गव्हर्नर दिवसभर मागे-पुढे होत राहतो, मोकळा राहतो, पण खिळ्या झिजतात. एकाच बनावटीच्या दोन इंजिनांत दोन वेगळी दुखणी का निघतात याचे उत्तर असे कामाच्या जातीत असते. ऑइल इंजिनाच्या दुरुस्तीवर हात बसलेले फिटरच पुढे गावोगावचे ट्रॅक्टर मिस्त्री झाले.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने कांस गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला जड ट्रॅक्टर वापरले. त्यासाठी १९४९ मध्ये जागतिक बँकेचे एक कोटी डॉलरचे कर्ज मिळाले. शेतकऱ्यांकडे आयात केलेले फर्ग्युसन आणि फोर्डसन येत होते. देशात उत्पादन सुरू झाले ते १९५९ पासून: फरिदाबादला आयशर, मद्रासला मॅसी फर्ग्युसनच्या सहकार्याने टॅफे, आणि १९६३ मध्ये मुंबईत महिंद्र व इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भागीदारी, जिच्यातून कांदिवलीचा बी-२७५ आला. हरियाणात पिंजोरला एचएमटीने १९७१ मध्ये झेटर २५११ काढला. पंपांची बाजू बंगळूरच्या मायकोने, म्हणजे १९५१ मध्ये बॉशच्या सहकार्याने सुरू झालेल्या मोटर इंडस्ट्रीज कंपनीने सांभाळली. नोझल आणि इंजेक्टर बनवणारा तिचा कारखाना नाशिकला सातपूरमध्ये आला; २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले तरी नाशिककरांचे मायको सर्कल आहे तिथेच आहे.

मॅसी फर्ग्युसन ३५ आणि टॅफेचा १०३५ यांच्याबरोबर सीएव्ही कंपनीचा डीपीए पंप खेड्यात पोहोचला. वर्नन रूसा या अमेरिकन कारागिराच्या १९५२ च्या फिरत्या पंपाच्या कल्पनेवर तो आधारलेला. प्लंजरची एकच जोडी सगळ्या सिलिंडरांना इंधन वाटते आणि गव्हर्नरची वजने पंपाच्या पोटात, डिझेलमध्येच बुडालेली असतात. रचना आटोपशीर, किंमत कमी. पण वंगण म्हणून डिझेलच वापरल्याने डिझेलमधले पाणी थेट गव्हर्नरवर येते. शेतावरच्या खोलीत उघड्या कॅनमध्ये ठेवलेल्या डिझेलमध्ये पावसाळ्यात पाणी उतरते, इंधन मोजणारी छोटी फिरती झडप गंजून अडकते, आणि ॲक्सिलरेटर कमी केला तरी इंजिन उतरत नाही. बाहेरचा कोणताही स्क्रू फिरवून हा दोष जात नाही. अमेरिकेतल्या रूसा मास्टर पंपांना दुसरा त्रास झाला: वजनांच्या पिंजऱ्यातली रबरासारखी लवचीक कडी कालांतराने कुजे, तिचे काळे तुकडे परतीच्या डिझेलची वाट बुजवत आणि इंजिन झुलू लागे किंवा बंद पडे. पुढे वेगळ्या बनावटीची कडी काढून हा दोष दूर केला गेला.

डीपीएसारख्या पंपांनी तालुक्याच्या गावी एक वेगळी जागा निर्माण केली: पंपरूम. धूळ येऊ नये म्हणून बंद ठेवलेली खोली, विजेवर फिरणारा टेस्ट बेंच, वर काचेच्या नळ्यांची रांग. पंप इंजिनावरून काढून बेंचवर चढवायचा, ठरावीक फेऱ्यांना ठरावीक धक्के मोजून प्रत्येक नळीत किती घनसेंटिमीटर डिझेल पडले ते पाहायचे, आणि वेग वाढवत नेऊन गव्हर्नर नेमक्या कोणत्या फेऱ्यांना इंधन तोडू लागतो हे टिपायचे. तरफेची लांबी मोजून बांधायची, स्प्रिंग कोणत्या छिद्रात अडकवायची ते कंपनीच्या तक्त्यावरून ठरवायचे. छिद्र बदलले की स्प्रिंगची पकड बदलते आणि भारानुसार वेगात पडणारा फरकही बदलतो. शेवटी कमाल वेगाचा आणि कमाल इंधनाचा स्क्रू तारेने ओवून शिशाचे सील मारायचे.

हे सील तोडण्याचा मोह जुना आहे. ट्रॉली जोरात पळावी म्हणून वेगाचा स्क्रू सोडला जातो, ताकद वाढावी म्हणून इंधनाचा. पहिल्याने कनेक्टिंग रॉडवरचा ताण वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, पीटीओवरचे अवजार मर्यादेबाहेर फिरते. दुसऱ्याने काळा धूर, जळलेला पिस्टन आणि पातळ झालेले ऑइल मिळते. ताकद कमी पडण्याचे कारण बहुतेक वेळा तुंबलेला फिल्टर, बसलेले नोझल किंवा पूर्ण न पोहोचणारा ॲक्सिलरेटर असते, आणि तिन्ही सील न तोडता दुरुस्त होतात.

१९९० च्या दशकापासून मोठ्या ट्रॅक्टरांत वजनांची जागा वेग मोजणाऱ्या सेन्सरने आणि इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने घेतली. तिथे भाराविना आणि भारावर वेग जवळजवळ सारखा ठेवता येतो, कारण नियंत्रक किती चूक झाली एवढेच पाहत नाही, ती किती वेळ टिकली तेही धरतो. भारतात २०२३ च्या आरंभापासून ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना लागू झालेल्या उत्सर्जन नियमांनी हा बदल पुढे रेटला. त्याखालच्या ताकदीत यांत्रिक पंपाचे ट्रॅक्टर अजून बनतात आणि जुने लाखोंनी चालतात.

अशा जुन्या ट्रॅक्टरच्या तपासणीचा क्रम या सगळ्या इतिहासातून ठरत आला आहे. आधी डिझेलचा फिल्टर आणि पंपातली एअर काढणे, कारण एअर धरलेले इंजिन अगदी बिघडलेल्या गव्हर्नरसारखे झुलते. मग ॲक्सिलरेटरपासून पंपापर्यंतचा प्रत्येक सांधा हाताने हलवून पाहणे. लिव्हर पूर्ण ओढल्यावर पंपावरची तरफ तिच्या थांब्याला टेकते की नाही, आणि सोडल्यावर स्लोच्या, म्हणजे किमान वेगाच्या, थांब्याला परत येते की नाही. पंपाच्या गव्हर्नरला वेगळे ऑइल असेल तर त्याची पातळी. नंतर इंजिन पूर्ण तापवून स्लो आणि भाराविना कमाल वेग टॅकोमीटरने मोजून पुस्तिकेशी ताडणे. थंड इंजिनावर घेतलेले माप फसवते. शेवटी पीटीओवर किंवा नांगराला भार देऊन तो एकदम काढायचा. चांगला गव्हर्नर एक-दोन झोक्यांत ठरतो. झोके थांबत नसतील तर घर्षण किंवा ढिलाई आहे. वेग ठरतो पण भारावर फार पडतो तर स्प्रिंग थकली आहे, किंवा पंपाला इंधनच पुरत नाही. बाहेरचे सगळे तपासून दोष उरला तरच पंप खोलायचा, आणि तो शेतात न खोलता पंपरूममध्ये न्यायचा.